शनिवारचा ओटा

आमच्या घराचा नकाशा बाबांनी खाकी कागदावर बेतला. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेल्या माणसाला पेन्सिल घेऊन चौकोन काढत बसणं जमत नाही. हातात कात्री आली की मगच त्याचं डोकं चालू होतं. प्रत्येक खोलीचा वेगळा तुकडा, फुटाला एक इंच असं प्रमाण, कडेनं खडूची रेघ, आणि सगळे तुकडे एकमेकांना टाचण्यांनी जोडलेले. ती गुंडाळी काखेत मारून ते आर्किटेक्टच्या ऑफिसात निघाले तेव्हा मी बरोबर होते, आणि खरं सांगायचं तर थोडी ओशाळले होते.

आर्किटेक्ट माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान मुलगी. तिनं चहाचे कप बाजूला सारून कागद टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली आणि बराच वेळ पाहत राहिली. मग अगदी जपून, दुखवायला नको अशा आवाजात म्हणाली की खोल्यांची मांडणी छान आहे, उजेडाचाही विचार केलेला दिसतो, फक्त भिंती धरायच्या राहून गेल्यात. खोलीला खोली थेट चिकटली आहे.

बाबांनी चष्मा पुसला. दोन टाचण्या काढून ओठांत धरल्या आणि तुकड्याची कड उलटून दाखवली.

"भिंती शिवणीत आहेत," ते म्हणाले.

प्रत्येक तुकड्याला त्यांनी चारी बाजूंनी तीन सूत कागद जास्तीचा सोडला होता. दोन तुकडे जोडले की सहा सूत, म्हणजे पाऊण इंच, म्हणजे जागेवर बरोबर नऊ इंचांची भिंत. आर्किटेक्टनं पट्टी लावून पाहिलं. मग शेजारच्या खोलीतल्या दोघांना हाक मारून दाखवलं. त्या दिवसापासून तीही त्यांना सगळ्यांसारखी मास्तर म्हणू लागली.

फॉर्म भरताना तिनं विचारलं, घरात राहणार किती जण. मी म्हटलं, तीन.

म्हटल्यावर ते माझ्या लक्षात आलं. आई जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, पण बाबा शांतपणे म्हणाले, "तीन लिहा. येणारं-जाणारं माणूस असतंच." तिनं तीन लिहिलं.

ही जागा आई-बाबांनी घेतली तेव्हा मी दहा वर्षांची होते. गावापासून बसनं चाळीस मिनिटं, मग खडीच्या रस्त्यानं चालत दहा मिनिटं, मग उताराला लागलेला एक मोकळा तुकडा आणि त्याच्या टोकाला तीन झाडं. त्यानंतर सत्तावीस वर्षं घर फक्त बोलण्यात उभं होतं. भाड्याच्या घरातलं काही मोडलं, बिघडलं की आई म्हणायची, राहू दे, आता नव्या घरातच नीट करू. कपाटाचं दार, बाथरूमची कडी, खिडकीची फुटकी काच, सगळं नव्या घराच्या भरवशावर. मी उशिरा उठले तरी ती म्हणायची, नव्या घरात हे चालणार नाही. त्या न बांधलेल्या घराचे नियम आम्हाला तोंडपाठ होते.

मापं मात्र खरी होती. बाबांच्या दुकानात काळ्या पुठ्ठ्याच्या वह्या असत. गिऱ्हाइकाचं नाव ते कधी लिहीत नसत. पानाच्या डोक्यावर फक्त एक खूण. 'उजवा खांदा पडका', 'पोट', 'घाईवाले'. अशाच एका जुन्या वहीत एका पानावर लिहिलं होतं, 'घर'. खाली यादी: दार, खिडकी, कट्टा, पलंग, कपाटाची वरची फळी. प्रत्येकापुढे आकडा. त्यात दोन नोंदी अशा होत्या:

ओटा – २९
पायरी – १७

आर्किटेक्टनं ही यादी वाचली आणि पायरीपाशी हसली. सतरा इंचांची पायरी चढायला शिडी लागेल, मास्तर, सहा-सहाच्या तीन करते. बाबा म्हणाले, करा. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी ती थबकली. एकोणतीस फारच खाली होतं, असं तिचं म्हणणं. साधारण तेहतीस-चौतीस ठेवतात.

बाबा तेवढ्यात फोन घ्यायला बाहेर गेले होते. मी तिला सांगितलं की एकोणतीसच ठेवा.

कारण ते माप आईचं होतं. मला कुणी सांगायची गरज नव्हती. आई बुटकी. भाड्याच्या घरातला ओटा तिला उंच पडायचा, म्हणून त्याच्यासमोर कायम एक फळी असायची, खाली दोन ठोकळे मारलेली. त्या फळीवर उभी राहून तिनं सगळा जन्म काढला. मी एकदा रविवारी टेप लावून पाहिला होता: ओटा तेहतीस, फळी चार. तेहतिसातून चार गेले, एकोणतीस. हिशोब इतका चोख लागला की मी फळीवरच बसून राहिले. तिचे कपडे मावशी घेऊन गेली, चष्मा कुणीतरी दान केला, फोनचा नंबर दुसऱ्याला गेला. पण ती किती उंच होती हे नव्या घरात एका जागी तरी राहील, असं मी ठरवून टाकलं. बाबांना सांगितलं नाही. त्यांच्यापाशी आईचा विषय काढायचा म्हणजे मला जिन्यात अंधारात पायरी चाचपडल्यासारखं वाटायचं. वाटलं, ओटा झाला की पाहतील, आणि समजतील.

काम सुरू व्हायच्या आधी बाबांनी ट्रायल घ्यायची ठरवली. ट्रायल घेतल्याशिवाय आपण कधी कॉलरला हात लावलेला नाही, असं त्यांनी मिस्त्रीला ठणकावलं. मिस्त्री म्हणजे आमचा गवंडी, पन्नाशीचा, बोलण्यात करवतीसारखा. त्यानं आयुष्यात पुष्कळ घरमालक पाहिले होते, पण घराची ट्रायल घेणारा हा पहिलाच. तरी त्यानं उतारावर चुन्याच्या रेघा मारून दिल्या. आम्ही टेम्पोतून चार घडीच्या खुर्च्या नेल्या. थोरली मावशी गुडघे धरत आली आणि थेट बेडरूममध्ये जाऊन बसली.

"भिंतीतून गेलात," बाबा म्हणाले. "दारातून या."

मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग रेघेकडे पाहिलं, आणि निमूटपणे उठून सगळ्या घराला वळसा घालून दारातून आत आली. आत आल्यावर म्हणाली की दार अरुंद आहे, आणि मेहुण्याचा हट्ट तेवढाच रुंद आहे. बाबांनी दार चार इंच वाढवलं. हट्टाचं काही केलं नाही. आम्ही त्या चुन्याच्या घरात दुपारभर बसलो, चहा प्यायलो. ऊन कुठल्या खोलीत केव्हा येतं ते आर्किटेक्ट लिहून घेत होती. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी बाबा एकटेच बराच वेळ उभे होते, उताराखालच्या शेताकडे तोंड करून. मी हाक मारली नाही.

मग पाया झाला, भिंती उठल्या. मी शाळेच्या लायब्ररीत काम करते, त्यामुळे साइटवर जाणं फक्त शनिवारी. बाबांना दुकान बंद केल्यापासून सगळे वार सारखेच. ते सोमवारी, गुरुवारी, मनाला येईल तेव्हा बस पकडून जात.

एका शनिवारी गेले तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओट्याची लाल रेघ मारलेली. मला ती उंच वाटली. टेप लावला, चौतीस. मिस्त्रीला विचारलं. तो विटा मोजत होता. म्हणाला, चुकलं असेल, ताई, आता तुम्ही सांगाल तसं. मी समोर उभी राहून एकोणतीसवर रेघ मारून घेतली, आणि बाबांना सांगू नका म्हटलं. मिस्त्रीनं रेघ मारली, टेपकडे पाहिलं, माझ्या उंचीकडे पाहिलं. मी चांगली पाच फूट सात इंच आहे. पण तो काही बोलला नाही, आणि तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण न बोलणं हा त्याचा स्वभाव नव्हता.

पुढच्या शनिवारी रेघ पुन्हा चौतीसवर. मी पुन्हा खाली आणली. त्याच्या पुढच्या शनिवारी ओट्याच्या खालचे विटांचे खांब उभे होते, आणि तेही चौतीसच्या हिशोबानं. मला राग आला. आवाज न चढवता मी मिस्त्रीला म्हटलं की तीन वेळा सांगून माणसाला समजत नसेल तर काय करायचं.

त्यानं थापी खाली ठेवली. हात झटकले.

"ताई, ह्या घराचा ओटा शनिवारी खाली बसतो आणि सोमवारी उठून उभा राहतो," तो म्हणाला. "मी तीस वर्षं ओटे बांधतोय. एवढा व्यायाम करणारा पहिलाच."

मी विचारलं, सोमवारी कोण उठवतं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काय ती वेडी.

"कोण म्हणजे? मास्तर. येतात, रेघ बघतात, म्हणतात, अरे चुकलं, वर घे. मी म्हटलं, ताईंनी सांगितलंय. म्हणाले, तिला बोलू नको, तिचं मन दुसरीकडे असतं सध्या. तुम्हीही म्हणता, बाबांना सांगू नका. आता मी काय दोन ओटे बांधू?"

घरी जाताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. राग मिस्त्रीवरून उतरून बाबांवर आला होता, आणि तो राग वाईट होता, कारण त्याला बोलायला तोंड नव्हतं. मला वाटलं, यांनी स्वतःच्या हातानं घेतलेलं माप, स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं, तेच हे पुसून टाकायला निघाले. चौतीस हे माप कुणाचं, ते मला कळत होतं. बाबांचं. आता स्वयंपाक तेच करतात. माणूस गेलं की जागा उरलेल्याची, असा साधा व्यवहार. शिंपी ना ते. दुकानात दोन वर्षं कुणी न्यायला आलं नाही असा कपडा ते उसवून दुसऱ्याच्या मापाचा करून द्यायचे, आणि म्हणायचे, कपडा अंगावर पाहिजे, खुंटीवर नाही.

पुढच्या सोमवारी मी रजा टाकली आणि न सांगता त्यांच्या मागच्या बसनं गेले.

बाबा स्वयंपाकघरात होते. खांबांवर मिस्त्रीनं एक फळकूट आडवं टाकून दिलं होतं, आणि बाबा त्याच्यासमोर उभे राहून हवेत काहीतरी चिरत होते. ट्रायल. मला पाहून थांबले. गळ्यातला टेप सावरला. पकडल्या गेलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला, आणि माझाही तसाच झाला असणार. मिस्त्री दारातून आत आला, दोघांना एकत्र पाहिलं, आणि बाहेर जाऊन उगाच पाण्याचा पाइप गुंडाळू लागला.

मी म्हटलं, "आईचं माप का बदलता?"

"कुठलं माप?"

"एकोणतीस. वहीतलं. मी हिशोब करून पाहिलाय, बाबा. ओट्यातून फळी वजा केली की एकोणतीसच येतात. तिला वाकायला नको म्हणून तुम्ही लिहिलंत. आणि आता..."

बाबा फळकुटावर हात ठेवून उभे राहिले. त्यांना गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायची सवय आहे. पुरतं ऐकून घेतल्याशिवाय ते टेपला हात लावत नाहीत.

"ती फळी उंचीसाठी नव्हती," ते शेवटी म्हणाले. "नळ गळायचा."

"नळ?" मी म्हटलं.

नळ गळायचा, ते म्हणाले. मालकाला सांगून सांगून थकलो. ओट्यासमोर कायम पाणी. तुझ्या आईचे पाय ओले व्हायचे, थंडीत भेगा पडायच्या, म्हणून मी ती फळी ठोकून दिली. ओटा तिला उंच नव्हता काही. फळीवर उभं राहिलं की उलट खाली पडायचा, कंबर दुखते म्हणायची. पण ओल्या पायांपेक्षा कंबर बरी.

सगळं बालपण मी त्या फळीच्या आजूबाजूला काढलं. तिथे पाणी असायचं. अर्थात असायचं. तिथे घसरून मी एकदा हनुवटी फोडून घेतली होती, खूण अजून आहे. मी ओट्याची उंची मोजली, फळीची मोजली, आणि फळीखालचं पाणी विसरले.

"मग एकोणतीस कुणाचं?"

"तुझं," बाबा म्हणाले. "जागा घेतली त्या वर्षी घेतलेलं. दहा वर्षांची होतीस. मी दोघींना उभं करून मापं घेत होतो, तर तुझी आई म्हणाली, ओटा हिच्या मापाचा करा. ही लवकर स्वयंपाकाला लागली की माझी सुटका."

बाहेर मिस्त्री खोकला. तो खोकला नव्हता, दाबलेलं हसू होतं.

मला हसू आलं. खूप महिन्यांनी पोटातून आलेलं, न थांबणारं हसू. तीन शनिवार मी इथे येऊन, मिस्त्रीशी भांडून, स्वतःचंच दहाव्या वर्षीचं कोपर जपत होते. आणि आई तर त्या ओट्यापासून पळायच्या तयारीत होती. ती स्वयंपाक झटपट करायची, चांगला करायची, आणि शेवटची पळी ठेवली की हात पुसत अशी काही बाहेर पडायची की जणू शाळा सुटली. हे मला माहीत होतं. माहीत असून मी तिला कायमची ओट्याशी उभी करायला निघाले होते.

बाबाही हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत. मग त्यांनी टेप गळ्यातून काढला, मला सरळ उभं राहायला सांगितलं, कोपर दुमडायला लावलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं. सवयीनं म्हणाले, श्वास सोडा. चाळीस वर्षांत प्रत्येक गिऱ्हाईक त्यांच्यासमोर पोट आत घेऊन उभं राहिलं आहे.

"तुला छत्तीस लागेल. मला चौतीस. पस्तीस करू, एकेक इंच दोघांनी सोसायचा." त्यांनी मिस्त्रीला हाक मारून सांगितलं. मिस्त्रीनं विचारलं की हे पस्तीस कुठल्या वाराचं आहे, शनिवारचं की सोमवारचं. बाबा म्हणाले, आता रोजचं.

मी विचारलं, मग आईचं माप काहीच नाही का घरात.

"आहे ना. पायरी."

त्यांनी मला मागच्या दारापाशी नेलं. आर्किटेक्टनं आखलेल्या सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या तिथे नुकत्याच झाल्या होत्या, अजून ओल्या. सतरा हा आईच्या गुडघ्याचा आकडा होता. बसल्यावर पाय जमिनीला नीट टेकतील एवढा. तिनं घरासाठी एकच गोष्ट मागितली होती: मागच्या दाराबाहेर बसायला जागा, स्वयंपाकघराकडे पाठ, तोंड शेताकडे, हातात पेपर. आतून कुणी काही विचारलं तर मान न वळवता सांगता यावं की डब्यात बघ.

"मग आर्किटेक्ट हसली तेव्हा बोलला का नाहीत?"

बाबांनी टेप बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. म्हणाले, बसणारं माणूस नाही, म्हटलं पायऱ्याच होऊ देत. तुला ते माप दाखवलं असतं तर तुला त्रास झाला असता.

म्हणजे मी त्यांना जपत होते, ते मला जपत होते, आणि मधल्यामध्ये मिस्त्री रेघ खाली-वर करत होता.

पायऱ्या पाडायच्या नाहीत, असं ठरलं. त्यांच्या शेजारी, भिंतीला लागून, तीन फूट लांब आणि सतरा इंच उंच असं बांधायचं. मिस्त्री म्हणाला, मग ह्याला कट्टा म्हणा, पायरी कशाला म्हणता. बाबा म्हणाले, वहीत पायरी लिहिलंय. आर्किटेक्टनं नकाशावर ते जोडलं, आणि बाजूला स्वतःच्या सुबक अक्षरात लिहिलं: पायरी, १७. कुणी चढू नये.

घर पुरं व्हायला आणखी पाच महिने लागले. सामान हलवायच्या आदल्या शनिवारी आम्ही दोघं एकाच बसनं गेलो. मी भाड्याच्या घरातली फळीही बरोबर घेतली होती. का, ते बाबांनी विचारलं नाही. बसमध्ये ती आम्ही दोघांनी मांडीवर धरली. पोचल्यावर ती दारात ठेवली आणि मी मागे जाऊन पायरीवर बसले.

पाय जमिनीला टेकले, पण गुडघे जरा वर आले. मला ती कमी पडत होती. मी पाय लांब करून पाहिले, तिरके करून पाहिले. बाबा दारात उभे राहून पाहत होते, ट्रायलच्या वेळी पाहतात तसे, एक डोळा बारीक करून.

"आखूड होतंय तुला," ते म्हणाले.

"होऊ दे," मी म्हटलं.

ते आत गेले. मी शेताकडे पाहत राहिले. उतारावर ऊन होतं, तीन झाडांपैकी मधल्या झाडाखाली मिस्त्री शिल्लक विटांची रास लावत होता. आत बाबांनी नवा नळ सुरू केला, भांडं धुतलं, नळ बंद केला.

"अगं," आतून त्यांचा आवाज आला, "हा नळ गळतोय."

मी मान वळवली नाही.

"फळी दारात आहे," मी म्हटलं.